चार थेंब पाणी

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ठरला तेव्हा मला क्षणभर संकोच वाटला. आपल्या घरांतून संध्याकाळी देवापुढे दिवा लागतो, मुले शुभंकरोती म्हणतात, आणि अशा वेळी मद्याच्या चवीविषयी बोलावयाचे म्हणजे वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटणारच. ती आठी मला मान्य आहे. मद्यपानाची शिफारस करण्यासाठी मी येथे आलेलो नाही. ज्यांनी त्या वस्तूस कधी स्पर्श केला नाही त्यांचे आयुष्य त्यामुळे यत्किंचितही उणे झालेले नाही, हे मी आरंभीच सांगून टाकतो. एका विलक्षण कडक पदार्थाची चव जाणकार माणसे कशी ओळखतात, एवढेच मला सांगावयाचे आहे. ही ओळख घडवून आणते ते मद्य नव्हे तर पाणी, हे ऐकल्यावर ती आठी कदाचित थोडी सैल होईल.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. पणजीस मी एका स्नेह्यांकडे उतरलो होतो. त्यांचे थोरले बंधू अनेक वर्षे बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले. घरात सर्वजण त्यांना भाई म्हणत. रात्री जेवणापूर्वी भाईंनी कपाटातून स्कॉटलंडमधील एक बाटली काढली आणि माझ्या पेल्यात बोटभर व्हिस्की ओतली. बाटलीवर ६० टक्के असा आकडा होता, पण तिकडे माझे लक्ष गेले नाही. चारचौघांत आपण नवखे दिसू नये या खोट्या अभिमानाने मी पेला उचलला आणि एका दमात अर्धा रिता केला. पुढची दोन मिनिटे मला काही दिसले नाही. डोळ्यांतून पाणी, घशात निखारा आणि खोकल्याची उबळ! भाई हसले नाहीत. त्यांनी उरलेल्या व्हिस्कीत चहाच्या चमच्याने पाण्याचे चार थेंब सोडले, पेला हळूच माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "आता पिऊ नका हं. नुसता वास घ्या." मी घेतला. मघाशी जेथे केवळ आग होती तेथे आता मनुका होत्या, संत्र्याची वाळलेली साल होती, आणि आमच्या आजीच्या शिसवी पेटीचे झाकण उघडले की येई तसला जुन्या लाकडाचा गंध होता. व्हिस्की तीच, पेला तोच, मीही तोच. मग हे सर्व आधी कोठे दडले होते? या प्रश्नाचे उत्तर पुढे मला हळूहळू मिळत गेले. तेच आज आपणांस सांगतो.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. जवाचे दाणे भिजवून त्यांना मोड आणतात. मोड आल्याने दाण्यातील पिष्टाची साखर होण्याची सोय होते. मग ते दाणे उष्णतेने वाळवितात. या मोडाच्या जवालाच माल्ट म्हणतात. तो भरडून गरम पाण्यात घोळला म्हणजे गोड रस मिळतो. त्या रसात यीस्ट टाकून तो आंबवितात, आणि आंबलेला रस तांब्याच्या मोठ्या भांड्यांत बहुधा दोनदा उकळून त्याच्या वाफेचे पुन्हा द्रवात रूपांतर करतात. फेणी गाळणारे तांब्याचे भाण ज्यांनी पाहिले आहे त्या गोमंतकीय श्रोत्यांस हे निराळे सांगावयास नको. स्कॉटलंडमध्ये या अर्कास ओकच्या लाकडी पिंपात निदान तीन वर्षे ठेवल्यावाचून व्हिस्की हे नावच मिळत नाही. तसा तेथील कायदा आहे. आणि केवळ माल्टपासून, एकाच गाळणीगृहात, अशा भांड्यांतून काढलेली जी व्हिस्की, तिला सिंगल माल्ट म्हणतात. येथे 'सिंगल' या शब्दाचा अर्थ एकच गाळणीगृह असा आहे. एकच पिंप असा अर्थ पुष्कळजण करतात तो बरोबर नव्हे.

आता कडकपणाचा विचार करू. भट्टीतून उतरलेल्या ताज्या अर्कात सुमारे ७० टक्के मद्यार्क असतो. त्यात पाणी घालून तो साधारण ६३.५ टक्क्यांवर आणतात आणि मग पिंपात भरतात. पिंपातून बाहेर काढल्यावर पुन्हा पाणी घालून बहुतेक व्हिस्की ४० किंवा ४३ टक्क्यांवर आणून बाटलीत भरली जाते. ४० टक्के ही स्कॉटलंडच्या कायद्याची किमान मर्यादा आहे. परंतु काही गाळणीगृहे हे शेवटचे पाणी घालीत नाहीत. पिंपात जशी होती तशीच, ५५ ते ६० टक्क्यांची किंवा त्याहूनही कडक व्हिस्की ती विकतात. स्पे नदीच्या खोऱ्यात, बेन रिनिस डोंगराच्या पायथ्याशी ग्लेनफार्कलस नावाचे गाळणीगृह आहे. १८६५ पासून ते ग्रँट घराण्याच्या मालकीचे आहे. तेथील एका कडक व्हिस्कीचे नावच मुळी '१०५' आहे. तिची सुरुवात १९६८ सालच्या नाताळात झाली.

हा १०५ आकडा शेकडेवारीचा असूच शकत नाही. तो आहे 'प्रूफ' या जुन्या ब्रिटिश मापाचा. आख्यायिका अशी की, बंदुकीच्या दारूवर मद्य ओतून ती पेटवीत. पेटली तर मद्य अस्सल, विझली तर पाणी मिसळलेले! पुढे १८१६ साली साइक्स याच्या तरकाट्यास कायद्याची मान्यता मिळाली आणि या मापाला शास्त्रशुद्ध पाया लाभला. त्यानुसार १०० प्रूफ म्हणजे सुमारे ५७ टक्के मद्यार्क, आणि १०५ प्रूफ म्हणजे बरोबर ६० टक्के. ब्रिटनने १९८० साली हे माप सोडून शेकडेवारी स्वीकारली. परंतु त्याची खूण आपल्याकडे अद्याप टिकून आहे. भारतीय व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा मोठा विचित्र आकडा छापलेला दिसतो. तो कोठून आला असे पुष्कळांना वाटते. तो दुसरा तिसरा कोणी नसून ७५ प्रूफ आहे.

असा ६० टक्क्यांचा घोट घेतला म्हणजे जी आग होते, ती नेमकी कशाची? मद्याला स्वतःची काही उष्णता नसते. पेला हाताला थंडच लागतो. येथे आपल्या ओळखीची मिरची उपयोगी पडते. तोंडातील मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णतेची वर्दी देणारी एक सूक्ष्म यंत्रणा असते. सुमारे ४२ अंशांच्या पुढे तापमान गेले म्हणजे ती जागी होते आणि 'भाजते आहे' अशी खबर मेंदूस पाठविते. मिरचीतील तिखट द्रव्य याच यंत्रणेस थेट चेतविते. या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञास २०२१ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. मद्यार्काची करणी थोडी निराळी आहे. तो या यंत्रणेची मर्यादाच खाली ओढतो, ती सुमारे ३४ अंशांवर आणतो. आता आपल्या शरीराची स्वतःची उष्णता ३७ अंश! म्हणजे कडक व्हिस्कीच्या घोटात आपल्याला भाजते ते आपल्याच तोंडाच्या उबेने. जीभ भाजलेली नसते; भाजल्याची खोटी आरोळी तेवढी उठलेली असते. मात्र त्या आरोळीपुढे बाकीचे कोणतेच बोल ऐकू येत नाहीत. सनईचौघडा अंगणात वाजत असता आतल्या खोलीतील तंबोरा ऐकू यावा कसा?

आणि व्हिस्कीत ऐकण्यासारखा जो तंबोरा आहे तो जिभेचा नाहीच, नाकाचा आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी रुचकर, अशा मोजक्याच चवी कळतात. मनुका, वेलदोडा, धूर, मध ही सगळी गंधाची सृष्टी. घोट तोंडात असताना त्याचा गंध घशामागच्या वाटेने नाकात चढतो आणि आपण त्याला भाबडेपणाने चव म्हणतो. सर्दी झाली की आमटी बेचव लागते ती याचमुळे. ज्यांचा हा व्यवसायच आहे, शेकडो पिंपांतील व्हिस्की पारखून जे तिचे मिश्रण ठरवितात, ते कसबी लोक नमुन्यात पाणी घालून तो सुमारे २० टक्क्यांवर आणतात आणि मुख्यतः नाकाने पारखतात. गिळण्याचा प्रसंग फारच थोडा. दिवसभर व्हिस्कीच्या सान्निध्यात राहून जो सर्वांत कमी पितो तोच तेथील खरा पारखी, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी अशी आहे.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे वळू. चार थेंब पाण्याने असे काय घडले? २०१७ साली स्वीडनमधील कार्लसन आणि फ्रीडमन या दोन संशोधकांनी ग्वायकॉल नावाच्या एका गंधद्रव्याचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास केला. जव पीटच्या धुरावर वाळविले म्हणजे जो धुरकट गंध व्हिस्कीत उतरतो, त्यात या द्रव्याचा वाटा मोठा. त्यांना असे आढळले की मद्यार्काचे प्रमाण ५९ टक्क्यांहून अधिक असले म्हणजे ग्वायकॉलचे रेणू मद्यार्काच्या रेणूंनी वेढले जाऊन द्रवाच्या पोटात राहतात. प्रमाण ४५ टक्क्यांपर्यंत उतरले म्हणजे ते द्रवाच्या पृष्ठभागी येऊन बसतात. पृष्ठभागी आलेले द्रव्य हवेत मिसळते आणि हवेतले नाकापर्यंत पोहोचते. हा एकाच द्रव्याचा अभ्यास होता, हे खरे. व्हिस्कीत अशी द्रव्ये शेकड्यांनी असतात आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. तरीही ज्या गोष्टीचा अनुभव जाणकारांना पूर्वापार होता तिचे एक कारण त्यातून हाती आले. पाण्याने कडकपणा उतरतो आणि दडलेला गंध वर येतो. म्हणजे चौघडा थांबतो आणि त्याच वेळी तंबोराही जुळतो.

मग ही परीक्षा करावयाची कशी? सर्व थाट अगदी साधा आहे. पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा, म्हणजे गंध कोंडून राहतो. स्कॉटलंडमध्ये या कामासाठी ग्लेनकेर्न नावाचा पेला २००१ पासून प्रचारात आहे. परंतु घरातील एखादा लहान कमळाकृती पेलाही चालतो. त्यात १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे तीन-चार चमचे, एवढीच व्हिस्की घ्यावी. रंग पाहावा, पण रंगावर विसंबू नये. स्कॉटलंडात जळक्या साखरेचा रंग मिसळण्यास कायद्याची परवानगी आहे. मग पेला हनुवटीपाशी धरून सावकाश वर आणावा, ओठ किंचित विलग ठेवावेत आणि नाक पेल्यात खुपसू नये. ६० टक्क्यांच्या वाफेचा एक जोराचा श्वास घेतला तर नाक काही मिनिटे बधिर होते. पहिला वास म्हणजे नुसता नमस्कार समजावा. थोडे थांबून दुसरा घ्यावा, पुन्हा थांबून तिसरा.

यानंतर पाणी. ते साधे असावे, क्लोरिनच्या वासाचे नसावे. चमच्याने थेंब थेंब घालावे आणि दर वेळी पुन्हा वास घ्यावा. किती घालावे याचे गणित सोपे आहे. ६० टक्क्यांच्या २० मिलिलिटर व्हिस्कीत १० मिलिलिटर पाणी घातले की ती ४० टक्क्यांवर येते; २० घातले की ३० टक्क्यांवर. पण गणित करून एकदम ओतू नये, कारण घातलेले पाणी परत काढता येत नाही. कोणती व्हिस्की पाच थेंबांनी उमलते, कोणती दोन चमच्यांनी, आणि एखादी पाणी पडताच विस्कटते. पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित गढूळ झाली तर घाबरू नये. पिंपातील लाकडाची आणि धान्याची काही स्निग्ध द्रव्ये अधिक मद्यार्कातच विरघळून राहतात. कडकपणा उतरला की ती सूक्ष्म कणांच्या रूपाने दिसू लागतात. ती भेसळीची खूण नव्हे.

आता घोट, आणि तोही अर्ध्या चमच्याचा. तो जिभेवर फिरवावा, सर्व तोंडात पसरू द्यावा आणि मग गिळावा. पहिल्या घोटावरून मत बनवू नये. त्या वेळी तोंड गोंधळलेले असते. दुसरा घोट खरे सांगतो. गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा आणि थांबावे. चांगल्या व्हिस्कीची चव गेल्यानंतरही मागे रेंगाळते, आणि रेंगाळताना बदलते. गवयाने समेवर येऊन थांबल्यानंतर दिवाणखान्यात जो क्षणभर नाद उरतो, त्यासाठीच कित्येक श्रोते मैफिलीस जातात. तसेच हे आहे.

आपल्या हवामानासाठी आणखी दोन शब्द. स्कॉटलंडातील खोलीचे तापमान आणि वैशाखात ग्वाल्हेरीस किंवा हैदराबादेस असणारे खोलीचे तापमान यांत महदंतर आहे. उन्हाळ्यात मद्यार्काची वाफ अधिक उठते आणि गंधाऐवजी नुसती चुणचुण नाकात जाते. म्हणून ही परीक्षा थंडीच्या दिवसांत करावी, किंवा माठातल्या पाण्याचे थेंब घालावेत. बर्फ घालू नये, कारण अति थंडीने गंध झोपी जातात. सोबत तिखट खाणे नको. इंदूरच्या मंडळींना हे ऐकून वाईट वाटेल, परंतु मघाशी सांगितलेल्या यंत्रणेस मिरचीने आधीच जागे करून ठेवले असता वर कडक व्हिस्कीचा घोट घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. शेवेचा मान निराळा, तो तिला स्वतंत्रपणे द्यावा.

दोन उदाहरणे देतो, म्हणजे गंधाचा विस्तार केवढा आहे ते कळेल. मघाच्या ग्लेनफार्कलसची पिंपे स्पेनमधील शेरी नावाच्या द्राक्षमद्याने मुरलेली असतात. तिच्यात पाणी पडले की खारीक, मनुका, अक्रोड, लवंग, जायफळ असा दिवाळीच्या फराळाच्या फडताळाचा गंध उठतो. याच्या अगदी उलट स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटावरची लाफ्रॉयग. तेथे झाडाझुडपांचे थर दलदलीत शतकानुशतके कुजून तयार झालेले पीट नावाचे इंधन मिळते. त्याच्या धुरावर वाळविलेल्या जवाची ही व्हिस्की प्रथम हुंगली म्हणजे दवाखान्यात शिरल्यासारखे वाटते: आयोडिन, डांबर, धुरावर सुकविलेली मासळी. पुष्कळजण येथूनच मागे फिरतात. जो धीराने पाणी घालून थांबतो त्याला त्या धुरामागे जवाची मंद गोडी आणि समुद्राचा खारा वारा सापडतो. असले वर्णन ऐकून कोणी हसेल. मीही हसत असे. परंतु गंधाला स्वतःची नावे फार थोडी. तो नेहमी दुसऱ्याच्या नावानेच ओळखावा लागतो. म्हणून प्रत्येकाने आपल्या घरचे गंध शोधावेत. इंग्रजी पुस्तकातील नाताळच्या केकपेक्षा आपल्या नाकाला आपला गूळपापडीचा लाडू अधिक प्रामाणिकपणे आठवतो.

आणि आता ही विद्या केवळ स्कॉटलंडची राहिलेली नाही. बंगळूर येथे १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी अमृत गाळणीगृहाची स्थापना केली. आडनाव मराठी कानाला परके वाटू नये. या गाळणीगृहाने २००४ साली आपली सिंगल माल्ट प्रथम विक्रीस नेली ती थेट स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात! गोव्यात कुंकळ्ळी येथे तयार होणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट २०१२ साली ब्रिटनमध्ये आली. दोन्ही गाळणीगृहे ५५ टक्क्यांच्या वरच्या कडक व्हिस्कीही काढतात. येथे आपली उष्णता मित्रही होते आणि शत्रूही. पिंपातून दरसाल काही भाग वाफ होऊन उडून जातो. त्यास देवदूतांचा वाटा म्हणतात. स्कॉटलंडात हा वाटा सुमारे २ टक्के, बंगळुरास १० टक्क्यांच्या घरात. हिशेब करून पाहा. २०० लिटरच्या पिंपात पाच वर्षांनी स्कॉटलंडात सुमारे १८० लिटर उरतील, बंगळुरास जेमतेम ११८. मात्र याच उष्णतेने लाकूड आणि अर्क यांचा संयोगही लवकर होतो, आणि तेथे जे मुरण्यास दहा-बारा वर्षे लागतात ते येथे चार-पाच वर्षांत साधते. म्हणून बाटलीवरच्या वर्षांचा आकडा पाहून भारतीय व्हिस्कीला कमी लेखू नये. वय आणि परिपक्वता या भिन्न गोष्टी आहेत. माणसांतही तसेच दिसते.

श्रोतेहो, येथपर्यंत सारे गोड झाले. आता एक कडू गणित सांगणे मला कर्तव्य वाटते. पाणी घातल्याने व्हिस्कीचा दाह उतरतो, तिच्यातील मद्यार्क उतरत नाही. ६० टक्क्यांच्या ३० मिलिलिटरांत १८ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो. तितकाच मद्यार्क नेहमीच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीत मिळावा म्हटले तर ती ४२ मिलिलिटर घ्यावी लागेल. म्हणजे कडक व्हिस्कीचे दोन माप घेणारा मनुष्य आपण दोनच घेतली असे समजतो, आणि शरीर मात्र जवळजवळ तीन मोजते. शरीराचा हिशेब चुकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे की प्रकृतीस निर्धोक ठरेल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. रसिकतेचे कोणतेही कारण या वाक्याला उत्तर म्हणून पुरत नाही, आणि मी ते देणारही नाही. आमच्या वडोद्याच्या श्रोत्यांकडे तर दारूबंदीच आहे. त्यांनी हे भाषण केवळ ज्ञानासाठी ऐकावे, आणि ज्ञानाला बंदी नाही.

हे भाषण लिहून झाल्यावर मी एका घरी जाऊन आलो. माझा एक वर्गबंधू बेळगावास होता. बुद्धिमान, विनोदी, गाण्याचा उत्तम कान असलेला. पन्नाशीच्या आतच मद्याने त्याचा घास घेतला. त्याच्या पत्नीस मी वहिनी म्हणतो. त्यांच्यापुढे या विषयावर बोलणार असल्याचे सांगताना माझी जीभ अडखळली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भावोजी, बोला तुम्ही. पण एवढे अवश्य सांगा की ह्यांना चव म्हणून कधी कळलीच नाही. शेवटी शेवटी तर वासदेखील सोसवत नसे. नाक दाबून, एरंडेल घ्यावे तशी घेत असत."

नाक दाबून! त्या दोन शब्दांत माझ्या साऱ्या भाषणाचा सारांश होता, आणि तो मला ज्या घरी मिळाला तेथून मिळावयास नको होता. मी असे मुळीच म्हणत नाही की ज्याला गंध कळतो तो सुरक्षित आहे. चवीची जाण हे काही कवच नव्हे. मोठमोठे जाणकारही या वाटेवरून घसरले आहेत. परंतु एक खूण मात्र त्यातून प्रत्येकाला घेता येईल. जोवर आपण पेला नाकाशी धरून थांबू शकतो, चार थेंब पाणी घालून वाट पाहू शकतो, आणि उरलेले तसेच ठेवून जेवावयास उठू शकतो, तोवर आपण चव घेत आहोत. ज्या दिवशी हे थांबणे जड वाटू लागेल, त्या दिवशी बाटली कितीही उंची असो, ती उचलून ठेवावी आणि घरच्या माणसाशी किंवा वैद्याशी मोकळेपणाने बोलावे. त्यात कमीपणा नाही.

जाता जाता या शब्दाचे मूळ सांगतो. स्कॉटलंडच्या जुन्या गेलिक भाषेत या पेयाला 'उश्के बाहा' म्हणत. १४९४ सालच्या तेथील राजाच्या हिशेबवहीत जॉन कॉर नावाच्या मठवासी साधूस हेच पेय करण्यासाठी माल्ट दिल्याची नोंद आहे, ती लॅटिनमध्ये. आणि त्या लॅटिन नावाचा अर्थही तोच: जीवनाचे पाणी. काळाच्या ओघात 'उश्के बाहा'तील 'बाहा' म्हणजे जीवन गळून पडले आणि 'उश्के' एवढेच उरले. त्या 'उश्के'चीच पुढे व्हिस्की झाली. तेव्हा व्हिस्की या शब्दाचा मूळ अर्थ केवळ 'पाणी' असा आहे. आपल्या संस्कृतात तर पाण्याचेच एक नाव 'जीवन' आहे. भाईंनी त्या रात्री माझ्या पेल्यात चमच्याने घातले ते हेच. भाई आता नाहीत. त्यांनी दिलेला तो लहानसा चमचा माझ्याकडे आहे, आणि बाटलीपेक्षा मी तोच अधिक जपतो.